मत्स्यबीजाचा समुद्रप्रवास



कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा स्वतःच्या अंगची ऊब ती त्यांस देते. माशाच्या अंड्यास अशी आई नसते. ज्या पाण्यात ते पडले, त्या पाण्याची जी उष्णता तीच त्याची उष्णता. आणि त्याच उष्णतेच्या मानाने त्यातील गर्भ झपाट्याने किंवा सावकाश वाढावयाचा. आपल्याकडील रोहूचे अंडे पावसाळ्यातील अठ्ठावीस-तीस अंशांच्या पाण्यात पंधरा-अठरा तासांत फुटते. उलट, ट्राउट या थंड प्रदेशातील माशाच्या अंड्यास दहा अंशांच्या पाण्यात सुमारे चाळीस दिवस लागतात, पाच अंशांत ऐंशीच्या आसपास, आणि पाणी दोन अंशांवर आले तर चार महिनेही पुरत नाहीत. हे साधे गणित हाताशी धरून मनुष्याने एकदा विषुववृत्त कसे ओलांडले, त्याची हकिकत आज सांगावयाची आहे.

इंग्लंडातून टास्मानिया बेटात जाऊन स्थायिक झालेल्या लोकांस तेथील नद्यांत मायदेशाचा सॅमन मासा नाही याची मोठी खंत वाटे. (मुंबईच्या बाजारातील रावसास साहेबलोक ‘इंडियन सॅमन’ म्हणत, तो मासा निराळा, दोहोंचे नाते नावापुरतेच.) जिवंत मासे इतक्या दूर नेणे अशक्यप्राय, म्हणून अंडी न्यावी असा विचार निघाला. परंतु शिडाच्या जहाजास त्या प्रवासास तीन महिने लागत. दहा अंशांच्या पाण्यातही सॅमनची अंडी पन्नास दिवसांच्या सुमारास फुटतात. म्हणजे भर समुद्रात पिले बाहेर येणार. शिवाय वाटेत उष्ण कटिबंध! तेथील सागराचे पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे, आणि सॅमनचा गर्भ बारा-तेरा अंशांपलीकडे तग धरीत नाही. पाणी तापले की गर्भाची प्राणवायूची भूक वाढते, आणि त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू मात्र कमी होतो. या दुहेरी ओढाताणीत तो गुदमरतो.

१८५२ साली ‘कोलंबस’ जहाजातून पाठविलेली अंडी उष्ण कटिबंधातील उकाड्याने गेली. १८६० साली ‘कर्लिंग’ जहाजावर वाहत्या पाण्याची योजना करून ते बर्फाने थंड ठेवले, पण बर्फ संपला आणि अंडीही संपली. या खटपटीच्या मुळाशी जेम्स आर्न्डेल यूल हे गृहस्थ होते. टास्मानियात वाढलेले, जमीनदार, शास्त्रज्ञ मुळीच नव्हेत. १८६२ साली ‘ब्यूटिफुल स्टार’ नावाच्या लहानशा आगबोटीवर त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तोही फसला. मात्र त्या बोटीवरील मत्स्यपालक विल्यम रॅम्सबॉटम यांनी ओल्या शेवाळात गुंडाळलेली थोडी अंडी एका पेटीत घालून ती बर्फाच्या कोठीत ठेविली होती. वाहत्या पाण्यातील अंडी मरत असता या पेटीतील अंडी कितीतरी दिवस जिवंत राहिली. माझ्या मते या सर्व इतिहासातील खरा शोध हाच; तो प्रयोगशाळेत लागला नाही, बोटीच्या तळघरात लागला.

यूल यांनी मग लंडनमधील वेनहॅम लेक बर्फ कंपनीच्या कोठारात शेवाळाच्या पेट्या ठेवून परीक्षा घेतली. तीन महिन्यांनंतरही अंडी जिवंत होती. बर्फ जहाजातून विषुववृत्तापार नेणे ही गोष्ट नवी नव्हती: बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांचा बर्फ १८३३ सालीच कलकत्त्यास उतरला होता, आणि पुढे मुंबईतही बर्फघर उभे राहिले. त्या व्यापाराची विद्या आता मत्स्यबीजाच्या कामी आली.

२१ जानेवारी १८६४ रोजी ‘नॉरफोक’ जहाज इंग्लंडहून निघाले. त्यावर सॅमनची सुमारे एक लाख व ट्राउटची तीन हजारांच्या आतबाहेर अंडी शेवाळात बसवून बर्फाखाली रचिली होती. एप्रिलच्या मध्यास ते मेलबर्नला पोहोचले. तेथून पेट्या टास्मानियात प्लेंटी नदीकाठी तयार केलेल्या तळ्यांवर गेल्या. पुष्कळ अंडी वाटेत मेली होती. तरी ४ मे रोजी पहिले ट्राउटचे पिलू बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी सॅमनचे. थंडीने गर्भास मारले नव्हते, केवळ थोपवून धरले होते.

त्याच सुमारास अमेरिकेत सेथ ग्रीन या मत्स्यपालकाने एक ठोकळ नियम बसविला: पाणी पन्नास अंश फॅरनहाइट असेल तर ट्राउटची अंडी पन्नास दिवसांत फुटतात, आणि एकेक अंश कमी-अधिक झाल्यास पाच दिवसांचा फरक पडतो. कामापुरता नियम उत्तम. पण साठ अंशांस तो लावला तर अंडे घालताक्षणीच पिलू निघाले पाहिजे! अशा सरळ रेषा निसर्गात फार दूरवर चालत नाहीत.

उष्णतेचा परिणाम केवळ वेगावरच होतो असेही नाही. डॅनिश संशोधक टॉनिंग यांनी १९५२ साली दाखवून दिले की, समुद्री ट्राउटच्या गर्भास आरंभीच्या ठराविक दिवसांत निरनिराळ्या उष्णतेच्या पाण्यात ठेवले, तर पुढे माशाच्या पाठीच्या कण्यातील मणक्यांची संख्याच बदलते. ते दिवस उलटून गेले म्हणजे पाणी बदलूनही तो आकडा फिरत नाही.

टास्मानियातील सॅमनची पिले मोठी होऊन समुद्रात गेली ती परतली नाहीत. ज्याच्यासाठी एवढा अट्टाहास, तो मासा हातचा गेला. आणि बरोबर सहज म्हणून पाठविलेल्या ट्राउटने मात्र तेथे मूळ धरले. १८६६ साली प्लेंटीच्या तळ्यांवर त्यांनी स्वतःची अंडी घातली, आणि पुढल्याच वर्षी त्यांतील काही न्यूझीलंडला रवाना झाली. आपल्या देशात काश्मीरला १८९९ साली आलेली ट्राउटची अंडी वाटेतच नासली; १९०० साली स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली आणि तिची पिले श्रीनगरजवळ हारवनच्या थंड पाण्यात वाढली.