लँबर्ट, व्हेरिटी

(२७ नोव्हेंबर १९३५–२२ नोव्हेंबर २००७). ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकाल्पनिक मालिकेची आद्य निर्माती. जन्म लंडन येथे. १९५८ साली एबीसी या ब्रिटिश वाहिनीवर ‘अंडरग्राउंड’ हे नाटक थेट प्रक्षेपित होत असता गॅरेथ जोन्स हा नट दोन प्रवेशांच्या दरम्यान एकाएकी मरण पावला. दिग्दर्शक टेड कोचेफ उरलेल्या नटांना घेऊन कथानकाची डागडुजी करण्यात गुंतला, तेव्हा कॅमेऱ्यांच्या संचालनाची मुखत्यारी निर्मिती-साहाय्यिका असलेल्या लँबर्टवर येऊन पडली व ती तिने तडीस नेली.

एबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख सिडनी न्यूमन पुढे बीबीसीत गेला व १९६३ मध्ये त्याने ‘डॉक्टर हू’ची निर्मिती सत्तावीस वर्षांच्या लँबर्टकडे सुपूर्द केली. बीबीसीच्या नाट्यनिर्मात्यांत त्या वेळी ती एकटीच स्त्री होती. पहिला दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौचा, वयाने तिच्याहूनही लहान. लाइम ग्रोव्हमधील जुनाट, अपुऱ्या जागेत चित्रित झालेला पहिला भाग न्यूमनने नापसंत ठरवून पुन्हा करावयास लावला. तो २३ नोव्हेंबर रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, दाखविला गेला आणि पुढल्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पुन्हा दाखवावा लागला. परग्रहावरील अक्राळविक्राळ प्राणी मालिकेत नकोत, अशी न्यूमनची सक्त ताकीद असूनही लेखक टेरी नेशनची ‘डेलेक’ नामक यंत्रराक्षसांची कथा तिने स्वीकारली. वरिष्ठांना ती मुळीच रुचली नव्हती. परंतु चित्रणास तयार अशी दुसरी संहिताच दप्तरी नाही, हा तिचा जबाब बिनतोड ठरला आणि त्याच यंत्रराक्षसांनी प्रेक्षकसंख्या एक कोटीच्या घरात नेली. अडचण हेच समर्थन म्हणून पुढे करण्याचे हे कसब निर्मात्याच्या अंगी असावे लागते, आणि कित्येक कल्पक माणसांत नेमके तेच नसते.

१९६५ मध्ये मालिका सोडल्यावर १९०२ साली गोठविलेला साहसवीर १९६६ च्या लंडनमध्ये जागा होतो, अशा कल्पनेवरील ‘अ‍ॅडम अ‍ॅडमंट लिव्हज!’ तिने निर्माण केली. १९७४ पासून थेम्स टेलिव्हिजनची नाट्यप्रमुख व पुढे यूस्टन फिल्म्सची सूत्रधार या नात्याने तिची कारकीर्द बहुतांशी सामाजिक व गुन्हेविषयक नाट्यांत गेली. तथापि नायजेल नीलची ‘क्वाटरमास’ ही बीबीसीने बासनात गुंडाळलेली संहिता १९७९ मध्ये यूस्टनच्याच अमदानीत पडद्यावर आली. १९८५ मध्ये काढलेल्या स्वतःच्या ‘सिनेमा व्हेरिटी’ या संस्थेची ‘एल्डोराडो’ मालिका मात्र साफ कोसळली. स्पेनमध्ये उभारलेला तो खर्चिक डोलारा बीबीसीने १९९३ मध्ये, वर्षभरातच, आवरता घेतला.