औषध आणि अन्न : एका फारकतीचा इतिहास

ठाण्याचा घोडबंदर रोड मुंबई–नाशिक आणि मुंबई–अहमदाबाद या दोन महामार्गांना जोडतो. १९९०च्या दशकात एड्स नियंत्रणाचे बरेचसे लक्ष अशा मालवाहतुकीच्या मार्गांकडे होते. ट्रकचालकांसाठी भित्तिपत्रके, निरोध आणि तपासणी असे त्या कामाचे स्वरूप होते. लागण झालेल्याच्या ताटात काय आहे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. असे का झाले हे समजण्यासाठी आपल्याला क्षयरोगाच्या इतिहासाकडे वळावे लागते.

औषधे येण्यापूर्वी क्षयावरचा उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार. आरोग्यधामे त्यावरच चालत. १९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात, तर काहींना घरी तीच औषधे देण्यात आली. घरच्या रुग्णांचा आहार निकृष्ट होता, त्यांचे वजनही कमी वाढले. तरीही रोगजंतू नाहीसे होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे निघाले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे गरिबांना घरी राहून उपचार घेता येऊ लागले. हे मोठेच यश होते. परंतु 'जंतू मारण्यासाठी उत्तम आहार अपरिहार्य नाही' या विधानाचा अर्थ हळूहळू 'आहार ही उपचार-कार्यक्रमाची जबाबदारी नाही' असा होऊन बसला.

एचआयव्हीने तो प्रश्न पुन्हा उभा केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३च्या अंदाजानुसार लागण झालेल्या प्रौढाची ऊर्जेची गरज लक्षणे नसताना सुमारे १० टक्के, तर लक्षणे दिसू लागल्यावर २० ते ३० टक्के वाढते. रोज २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाला म्हणजे ४०० ते ६०० अधिक, साधारण चार ते सहा पोळ्यांइतक्या. नेमकी त्याच वेळी अन्नावरची वासना जाते, जुलाब होतात आणि मजुरीही बुडते.

१ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधे देण्यास सुरुवात केली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. पण अतिशय कृश अवस्थेत औषध सुरू करणाऱ्यांमध्ये पहिल्या काही महिन्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक असते, हे अनेक देशांत दिसून आले. २००६ साली संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याने अन्नसाहाय्याला एड्सविरोधी कार्याचा भाग मानले.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे. मात्र औषध रुग्णालयात, अनुदान तहसील कार्यालयातून आणि धान्य रेशन दुकानात! प्रत्येक खिडकीवर आजार उघड होण्याची भीती असेल, तर माणूस हक्काचे धान्यही सोडून देतो. म्हणूनच गुप्ततेचे संरक्षण करणारा २०१७चा एचआयव्ही कायदा पोषणाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

एचआयव्हीबाधितांना सर्वाधिक गाठणारा संधिसाधू आजार क्षयच आहे. झारखंडमधील एका मोठ्या चाचणीत क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना धान्य-डाळींचा शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. मद्रासचा प्रयोग खोटा नव्हता; त्याने विचारलेला प्रश्न जंतूंविषयी होता, माणसाच्या कुटुंबाविषयी नव्हता.