लहान मेंदू खाली का उतरतो?

मागच्या दिवाळीत पारशिवनीला मावशीकडे गेलो, तेव्हा टीव्हीशेजारी एमआरआयचा मोठा लिफाफा ठेवलेला होता. खोकलं, शिंकलं की मावसबहिणीचं डोकं मागून ठणकायचं, म्हणून नागपूरला नेऊन काढलेला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं : कियारी मालफॉर्मेशन, टाइप १.

"म्हणजे मेंदू खाली घसरला का रे?" मावशीने विचारलं.

ढोबळमानाने हो. लहान मेंदूची खालची टोकं कवटीच्या तळाच्या भोकातून मानेच्या मणक्यांत उतरतात. पण का उतरतात? ते सांगता येईना, म्हणून वाचायला बसलो.

हान्स कियारी हा प्रागमधला, शवविच्छेदन करणारा ऑस्ट्रियन डॉक्टर. १८९१ साली त्याने या विकृतीचे प्रकार पाडले. पहिल्या प्रकाराचं त्याचं उदाहरण म्हणजे विषमज्वराने गेलेली सतरा वर्षांची मुलगी. जिवंतपणी तिला लहान मेंदूचा काहीच त्रास नव्हता! हे मी मावशीला दोनदा वाचून दाखवलं. कियारीच्या मते मोठ्या मेंदूत साचलेलं पाणी लहान मेंदूला खाली ढकलतं. पण पुढे असे कितीतरी रुग्ण सापडले, ज्यांच्या मेंदूत पाणी नव्हतंच. मग दोष कवटीकडे गेला : मागचा कप्पा जन्मतःच लहान, जागा अपुरी. म्हणून भोकाच्या मागचं थोडं हाड काढून जागा करायची. आजही बहुतेक ठिकाणी हीच शस्त्रक्रिया होते.

मुंबईत वेगळाच धागा चालू होता. मानेचे वरचे दोन मणके जन्मतः नीट न जुळल्याने मज्जारज्जू दबलेल्या २८ रुग्णांवर डॉ. नोशीर वाडियांनी १९६७ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात लिहिलं. हेच मणके पट्टी आणि स्क्रूने जखडण्याची पद्धत परळच्या केईएममधल्या डॉ. अतुल गोयल आणि लाहेरी यांनी १९९४ मध्ये मांडली. २०१५ मध्ये गोयल यांनी हे दोन्ही धागे जोडले : कियारीचं मूळ त्या डळमळीत सांध्यातच असावं. असे ६५ रुग्ण त्यांनी हाड न कापता, मणके जखडून हाताळले होते. उतरलेला मेंदू म्हणजे गाडीतली एअरबॅग, मज्जारज्जू वाचवायला शरीराने केलेली सोय, असं ते म्हणतात.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे लगेच आवडतं. ज्याला आपण बग समजून काढायला निघालो, तो कुणीतरी मुद्दाम लावलेला बंदोबस्त निघतो, हा आमचा नेहमीचा अनुभव. पण आवडणं म्हणजे पुरावा नव्हे. सांधा हललेला स्कॅनमध्ये दिसत नसताना तो का जखडायचा, असं अनेक सर्जन विचारतात. मला तो प्रश्न रास्त वाटतो, कारण मान वळवण्याचं जवळपास निम्मं काम त्याच सांध्याचं.

बहिणीच्या मज्जारज्जूत पाण्याची पोकळी नाही, म्हणून डॉक्टरांनी सध्या नुसतं लक्ष ठेवायला सांगितलंय. पुढचा एमआरआय मे महिन्यात.

"स्क्रू बसवले तर स्कुटीवर मागे वळून बघता येईल का?" तिने विचारलं.

"अर्धंच," मी म्हटलं. "आरसा लावून घे."