वॉलरसचे सुळे

बुद्धिबळाचा डाव आपल्याकडे पारावरही रंगतो. हा खेळ आपल्या देशातून इराणात, तेथून अरबांकडे आणि पुढे युरोपात गेला. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ साली बाराव्या शतकातले काही मोहरे सापडले. त्यांत वजिराच्या जागी राणी आहे आणि उंटाच्या जागी पाद्री. हे मोहरे हस्तिदंती वाटतात खरे, पण त्यांतले बहुतेक कोरले आहेत ते वॉलरसच्या सुळ्यांतून.

वॉलरस हा उत्तर ध्रुवाकडच्या थंड समुद्रातला प्राणी. मोठा नर दोन-तीन म्हशींच्या भाराचा भरतो. मासा नव्हे बरं का! तो हवेत श्वास घेतो, मादी पिलाला पाजते. बोटभर जाडीची कातडी, तिच्याखाली चरबीचा थर आणि तोंडाशी शेकडो राठ मिशा. समुद्राच्या तळाशी अंधारात या मिशांनी चाचपडून तो शिंपल्यांतले जीव शोधतो आणि ओठांनी ओढून गिळतो. सुळे नरालाही असतात, मादीलाही. बर्फावर चढताना टेका द्यायला आणि भांडणात धाक दाखवायला ते उपयोगी पडतात. पण हेच सुळे त्याच्या जिवावर उठले.

इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या अखेरीस ओटार नावाचा नॉर्वेचा एक दर्यावर्दी इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाकडे गेला. भेट म्हणून त्याने वॉलरसचे सुळे नेले होते. या प्राण्याच्या कातड्याचे जहाजाला उत्तम दोर होतात, हेही त्याने राजाला सांगितले. पुढे आइसलंडमध्ये माणसांची वस्ती झाली आणि काही शतकांतच तिथले वॉलरस नाहीसे झाले. ग्रीनलंडमध्ये वसाहत करणाऱ्या नॉर्स लोकांचा तर हा मोठा व्यापारच होता. जुन्या हाडांच्या अलीकडच्या तपासणीत असे दिसले, की तेराव्या शतकापासून शिकारी अधिकाधिक उत्तरेला जाऊ लागले आणि लहान जनावरे व माद्याही मारू लागले. म्हणजे जवळपासचे कळप संपत आले होते.

या सुळ्यांचा मोह आपल्याकडेही पोचला होता. 'माशाचा दात' म्हणून ते इराणच्या वाटेने मोगल दरबारात येत. त्यांच्या खंजिरांच्या मुठींचे जहांगीर बादशहाला मोठे वेड. आपल्या आठवणींत त्याने त्याबद्दल लिहून ठेवले आहे.

त्याच सुमारास, १६०४ पासून, इंग्रज जहाजे नॉर्वेच्या उत्तरेकडील बेअर बेटावर जाऊ लागली. वॉलरस पाण्यात चपळ, जमिनीवर मात्र जड. कळप किनाऱ्यावर दाटीवाटीने झोपतो. शिकारी आधी पाण्याजवळची जनावरे मारीत. त्यांच्या धुडांनी वाट अडली, की मागची आपोआप सापडत. अशी शेकडो जनावरे काही तासांत पडत. थोड्याच वर्षांत तिथली शिकार आटली आणि जहाजे स्वालबार्डच्या इतर किनाऱ्यांकडे वळली.

आता हे नुकसान भरून का निघत नाही, ते पाहा. आपली म्हैस दहा महिने गाभण असते. वॉलरसची मादी सुमारे पंधरा महिने. त्यातले पहिले चार-पाच महिने गर्भ नुसता थांबून राहतो, वाढत नाही. एका वेळी एकच पिल्लू होते आणि ते दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ आईजवळ राहते. म्हणून दोन वितांत तीन-तीन वर्षांचे अंतर पडते. तिच्या पिलावर कोणी चालून आले, तर आई पळत नाही, उलट अंगावर धावते. शिकाऱ्याला तेच सोयीचे झाले!

अखेर १९५२ साली नॉर्वेने स्वालबार्डमध्ये वॉलरसच्या शिकारीला बंदी केली. तेव्हा तिथे फारच थोडे उरले होते. पूर्वेकडच्या फ्रान्स जोझेफ बेटांच्या आसऱ्याने काही वाचले होते, तेही परतू लागले. २०१८ च्या मोजणीत स्वालबार्डमध्ये सुमारे साडेपाच हजारांचा अंदाज आला. साडेतीनशे वर्षांच्या कत्तलीनंतर एवढे सावरायला सहासष्ट वर्षे लागली.

आज संकट निराळे आहे. समुद्रावरचा बर्फ आटतो आहे. २०१४ साली अलास्कात पॉइंट ले येथे बर्फाअभावी सुमारे पस्तीस हजार वॉलरस एकाच किनाऱ्यावर गोळा झाले. अशा गर्दीत चेंगराचेंगरी झाली, की पिले तुडवली जातात. भाला एका हुकमाने थांबवता आला. वितळता बर्फ एकट्या नॉर्वेच्या हुकमाने थांबायचा नाही. तिथे साऱ्या जगालाच हात लावावा लागेल.