सोडतीने ठरलेले वर्ग

विकासाच्या अर्थशास्त्रात आज रूढ झालेल्या यादृच्छिक क्षेत्रीय प्रयोगाचे मूळ शेताच्या वाफ्यात आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांच्यापुढे प्रश्न होता, तो पीक वाढले ते खतामुळे की मुळातच कसदार असलेल्या जमिनीमुळे, हा; आणि कोणत्या वाफ्याला खत द्यायचे हे सोडतीने ठरवल्यास जमिनीचे गुणदोष एकाच बाजूला साचत नाहीत व उरलेल्या फरकात योगायोगाचा वाटा किती असू शकेल हे गणिताने मोजता येते, असे उत्तर त्यांनी दिले. १९४० च्या दशकात क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीने ही रीत वैद्यकात रुजवली, तर १९९७ साली मेक्सिकोतील गरीब कुटुंबांसाठीच्या 'प्रोग्रेसा' योजनेने ती ५०६ गावांपर्यंत नेली.

भारतातील तिचे ठळक उदाहरण मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत घडले. मुंबईत स्थापन झालेली 'प्रथम' ही संस्था वाचन-गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतीलच एखाद्या शिकलेल्या तरुणीला 'बालसखी' म्हणून नेमत असे, आणि ती पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून शिकवी. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची पारख करताना सोडतीने काही शाळांत एका इयत्तेला, तर उरलेल्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला बालसखी दिली. त्यामुळे कोणतीही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही, तरी प्रत्येक इयत्तेसाठी नियंत्रण गट, म्हणजे तुलनेपुरता उपक्रमाबाहेर ठेवलेला गट, उपलब्ध झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने (गुणांच्या विखुरलेपणाच्या मापाने) वाढले आणि ही वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची होती.

एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे लागू पडेलच असे नाही, हा अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांचा आक्षेप बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मिळालेल्या २०१९ च्या नोबेल सन्मानानंतरही कायम आहे. तथापि या पद्धतीचे खरे मोल यशाच्या घोषणेपेक्षा हिशेबाच्या प्रामाणिकपणात आहे. कारण उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्या मुलांची आघाडी सुमारे ०.१० वर घसरली, हेही त्याच सोडतीने उघड केले.