अर्ज न करता मिळणारी शाळा

सध्या शनिवार-रविवार अमेरिकन सैन्याच्या इतिहासात डोकं घालून बसलोय. त्यात एक मजेशीर प्रकार सापडला. अशी शाळा, जिच्यासाठी अर्जच करता येत नाही!

निदान बारावी करून थेट येणाऱ्या मुलाला तरी नाही. तो अर्ज करतो वेस्ट पॉइंटला (लष्कर), अ‍ॅनापोलिसला (नौदल) किंवा कोलोरॅडो स्प्रिंग्जला (हवाई दल). मुलगा चांगला आहे, पण गणित किंवा इंग्रजी कच्चं आहे असं वाटलं, तर अकादमी त्याला थेट घेत नाही. स्वतःच्या प्रिपरेटरी शाळेत सुमारे दहा महिन्यांसाठी पाठवते. थोडक्यात काय, 'हो' आणि 'नाही' यांच्या मधलं 'पुढच्या वर्षी बघू'.

मुळात हा खटाटोप होता साध्या शिपायांसाठी. १८४३ च्या कायद्याने वेस्ट पॉइंटच्या जागा मतदारसंघांप्रमाणे वाटून टाकल्या होत्या. प्रवेश हवा तर खासदाराचं नामांकन पाहिजे. आता बराकीत राहणाऱ्या पोराला खासदार कुठून ओळखणार? १९१६ साली कायदा झाला आणि लष्करातल्या जवानांना वेस्ट पॉइंटचं दार उघडलं. पण दार उघडलं म्हणून काही बीजगणित येत नाही. म्हणून मग जवानांची शिकवणी सुरू झाली. नौदलाची शाळा १९१५ पासूनची. लष्कराची शाळा रीतसर स्थापन झाली १९४६ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या स्ट्युअर्ट फील्डवर. पुढे तिचं बिऱ्हाड कायम पाठीवर: १९५७ मध्ये फोर्ट बेल्व्हॉर, १९७५ मध्ये फोर्ट मनमथ, आणि शेवटी २०११ मध्ये वेस्ट पॉइंटच्याच आवारात. हवाई दलाची शाळा १९६१ ची.

खरी गंमत पुढे आहे. लष्कर खात्याच्या सचिवाला दरवर्षी नियमित सैन्यातल्या ८५ आणि राखीव दलांतल्या ८५ जणांना नामांकन देता येतं. या जागा जवानांच्या. मग शाळकरी मुलाचं काय करायचं? सोपं आहे. प्रिपरेटरी शाळेत येताना त्याला राखीव दलात भरती करून घ्यायचं! गणवेश आला, पगार सुरू झाला, कागदोपत्री पोरगा जवान झाला. आता खासदाराकडे नामांकन मिळालं नाही तरी ही दुसरी वाट मोकळी. अर्थात शाळेत वर्ष काढलं म्हणजे जागा पक्की असं नाही. गणित, विज्ञान, इंग्रजी, कवायत, सगळ्यात पास व्हावं लागतं आणि अकादमीचा प्रवेश नव्याने मिळवावा लागतो.

पण मग या शाळा नक्की कुणासाठी? जवानांसाठी, अल्पसंख्याकांसाठी, मुलींसाठी, की फुटबॉलच्या टीमसाठी निवडलेल्या खेळाडूंसाठी? २००३ मध्ये जीएओ या सरकारी तपासनीस संस्थेने हाच मुद्दा काढला. शाळांच्या ध्येयवाक्यांत हे गट स्पष्ट नाहीत आणि यश मोजायला उद्दिष्टंही ठरलेली नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आमच्या भाषेत सांगायचं, तर रिक्वायरमेंट डॉक्युमेंट नाही आणि सिस्टीम मात्र कित्येक वर्षं प्रॉडक्शनवर!

योगायोग बघा, त्याच १९६१ मध्ये आपल्याकडे साताऱ्याला पहिली सैनिक शाळा सुरू झाली. हेतू बराचसा तोच, की अधिकारी ठरावीक घरांतून आणि ठरावीक प्रांतांतूनच येऊ नयेत. पण रचना अगदी उलटी. सैनिक शाळेत सहावीपासून सात वर्षं काढलेल्या मुलालाही एनडीएसाठी यूपीएससीचा तोच पेपर आणि तीच एसएसबीची मुलाखत. राखीव जागा नाही, मागचं दार नाही.

आपली पद्धत स्वच्छ आहे हे खरं, वशिल्याला जागा कमी. पण परीक्षा फक्त एवढंच विचारते की आज तुला किती येतं. ज्याच्या गावात गणिताला धड मास्तर नव्हता, त्याला ती वेगळं काही विचारत नाही. अमेरिकन शाळेचा प्रश्न वेगळा आहे: वर्षभर नीट शिकवलं तर तुला जमेल का? मला हा प्रश्न जास्त माणुसकीचा वाटतो. फक्त तो विचारायचा अधिकार ज्याच्या हातात आहे, तो बराकीतल्या जवानाला विचारतो की चांगला बॉल फेकणाऱ्याला, यावर सगळं अवलंबून आहे.

असो. तुम्हाला काय वाटतं, यातलं न्याय्य कुठलं?