तोफेचा धक्का

पानिपताच्या रणांगणातून महादजी शिंदे परतले ते एका पायाने कायमचे अधू होऊन, ही गोष्ट ग्वाल्हेर-उज्जैनीकडील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराने त्यांच्या गुडघ्यावर घाव घातला, अंगावरचे दागिने काढून घेतले आणि त्यांना तसेच टाकून तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून दक्षिणेकडे आणले, आणि महादजींनी पुढे त्या भिस्त्यास भाऊ मानून मानाला चढविले. इथपर्यंतची हकीकत सर्वतोमुखी आहे. परंतु इंग्रज इतिहासकारांनी त्याच हकीकतीचा आणखी एक धागा नमूद करून ठेविला आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. महादजी आपल्या परिचितांना सांगत की, त्या दिवसानंतर पुष्कळ काळ तो स्वार आपल्या झोपेत येत असे. आपली चपळ दख्खनी घोडी पुढे धावत आहे आणि मागून तो बोजड घोडा, न थकता, न थांबता, टापा आपटीत येतच आहे!

उत्तर हिंदुस्थानात दबदबा निर्माण करणाऱ्या, दिल्लीच्या बादशहाला हाती धरणाऱ्या या पुरुषाला भित्रा म्हणण्याची छाती कोणाची होईल? तरीही तो घोडा येतच होता. पायाची जखम वैद्याच्या आवाक्यातली होती. या दुसऱ्या जखमेला मात्र त्या काळी नावही नव्हते. ते नाव मिळावयास आणखी दीडशे वर्षे जावी लागली, आणि मिळाले तेही चुकीचे मिळाले. त्या चुकीच्या नावाचा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

१९१४ च्या शरद ऋतूत पहिले महायुद्ध फ्रान्स आणि बेल्जमच्या भूमीवर खंदकांत रुतून बसले. सैनिकाने पुढे धावून शत्रूशी दोन हात करावेत ही युद्धाची जुनी कल्पना मागे पडली. आता त्याने चिखलात बसून राहावयाचे, आणि मैलोगणती दूर असलेल्या, कधीही दृष्टीस न पडणाऱ्या तोफांचे गोळे आपल्यावर पडतात की शेजाऱ्यावर, याची तासन्‌तास वाट पाहावयाची. थोड्याच दिवसांत रुग्णालयांतून एक विलक्षण दृश्य दिसू लागले. अंगावर ओरखडाही नाही अशी माणसे येऊ लागली. कोणाची वाचा गेलेली, कोणाला दिसत नाही, कोणाचे हातपाय थरथरत आहेत, तर कोणाला स्वतःचे नावही आठवत नाही.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स हे तेव्हा फ्रान्समधील ल तूके येथील रुग्णालयात काम करीत होते. त्यांनी अशा तीन सैनिकांची हकीकत फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिघांच्याही जवळ तोफगोळे फुटलेले होते. तिघांचीही दृष्टी, गंध, चव आणि स्मृती यांत बिघाड झाला होता. नवल असे की, एवढ्या भयंकर आवाजानंतरही श्रवणशक्ती बहुतांशी शाबूत होती. या लेखाच्या मथळ्यात मायर्स यांनी ‘शेलशॉक’ हा शब्द वापरला. शब्द बहुधा सैनिकांच्याच तोंडचा. पण मायर्स यांनी तो छापला आणि तो जगभर झाला.

हा शब्द वाईट निघाला, हे सर्वांआधी मायर्स यांनाच कळले. ‘शेल’ म्हणजे तोफेचा गोळा. तेव्हा गोळ्याने जो धक्का बसतो तो शेलशॉक, असा सरळ अर्थ झाला. लंडनमधील नामांकित विकृतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉट यांनी स्फोटाने मृत्यू पावलेल्या सैनिकांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांत रक्तस्रावाचे सूक्ष्म ठिपके आढळले. हवेचा प्रचंड दाब मेंदूला इजा करतो, असे त्यांचे म्हणणे. पण इकडे असेही शेकडो सैनिक येत होते, की ज्यांच्या आसपास कधी गोळा फुटलाच नव्हता, आणि त्यांचीही लक्षणे तीच! मग हा विकार मेंदूचा की मनाचा? वैद्यांचा हा वाद नुसत्या ज्ञानाचा राहिला असता तर गोष्ट निराळी होती. लष्कराने त्याला हिशेबाचे रूप दिले. रुग्णाच्या कागदावर शेलशॉकपुढे एक अक्षर लिहावयाचे. गोळ्याच्या प्रत्यक्ष स्फोटाने झाला असेल तर जखमीचे अक्षर, नसेल तर आजाऱ्याचे. पहिल्या अक्षराला बाहीवर जखमेची पट्टी आणि निवृत्तिवेतनाचा हक्क. दुसऱ्याला यांपैकी काही नाही. आणि स्फोट खरोखर झाला होता काय, याचा दाखला तुकडीच्या अधिकाऱ्याकडून मागवावयाचा. तो अधिकारी जिवंत असला तर!

१९१७ च्या जून महिन्यात लष्कराने हा शब्दच बाद केला. अशा रुग्णाच्या कागदावर ‘निदान अद्याप नाही, मज्जाविकार’ एवढेच लिहावे, असा हुकूम सुटला. शब्द काढून टाकल्याने रोग्यांची संख्या घटेल अशी ही अपेक्षा होती. मायर्स मात्र रोग्यांना आघाडीजवळच, त्वरित, बरे होण्याचा भरवसा देत उपचार मिळावेत म्हणून खटपट करीत होते. १९१६ च्या अखेरीस तशी खास केंद्रे उघडलीही. पण वरिष्ठांच्या विरोधाने ते इतके कडवटले की, युद्धानंतर सरकारने नेमलेल्या चौकशी समितीपुढे साक्ष देण्यासही त्यांनी नकार दिला.

मायर्स यांचे एक जुने सोबती होते, डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. आपल्या देशाशी त्यांचा संबंध निराळ्याच कारणाने आलेला. १९०१-०२ मध्ये निलगिरीत राहून त्यांनी तोडा लोकांचा अभ्यास केला आणि १९०६ मध्ये त्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. परक्या माणसाचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकून घ्यावयाचे, ही निलगिरीत मुरलेली सवय पुढे त्यांना एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथे उपयोगी पडली असावी, असे मला वाटते. हे रुग्णालय अधिकाऱ्यांसाठी होते. सिगफ्रीड ससून हा कवी १९१७ मध्ये येथे रिव्हर्स यांच्या देखरेखीखाली होता. विल्फ्रेड ओवेन हा दुसरा कवी त्याच वर्षी दुसऱ्या डॉक्टरच्या हाताखाली होता. ओवेन बरा होऊन आघाडीवर परतला आणि युद्ध संपण्यास एक आठवडा उरला असता, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारला गेला.

त्या काळी रोग्याला सर्रास सांगत, ते विसरून जा, मन दुसरीकडे गुंतवा. रिव्हर्स यांचा अनुभव याच्या नेमका उलट होता. दिवसा जितक्या निकराने आठवण दडपावी तितक्याच निकराने ती रात्री उसळते, असे त्यांचे निरीक्षण. डिसेंबर १९१७ मध्ये त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले, त्यात दोन रोग्यांच्या हकीकती आहेत. एकाला आपल्या मित्राच्या छिन्नविच्छिन्न देहाचे दृश्य सोडीना. रिव्हर्स यांनी त्याला ती आठवण टाळू दिली नाही. मात्र त्या देहाची अवस्था पाहता मित्राला मरण तत्क्षणी, वेदनेवाचून आले असले पाहिजे, ही बाजू त्याच्या नजरेस आणून दिली. त्याची स्वप्ने हळूहळू पालटली. दुसऱ्याची गोष्ट इतकी किळसवाणी आहे की ती सविस्तर लिहवत नाही. स्फोटाने फेकला जाऊन तो एका कुजलेल्या प्रेतावर तोंडघशी पडला होता. त्या आठवणीत दिलासा देण्यासारखी एकही बाजू रिव्हर्स यांना सापडली नाही, आणि ते त्यांनी मोकळेपणी लिहून टाकले. त्या अधिकाऱ्याने सैन्य सोडावे हाच उपाय उरला. आपल्या विद्येची हद्द कबूल करणारा वैद्य मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

साध्या शिपायाच्या वाट्याला रिव्हर्स क्वचितच येत. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील रुग्णालयात लुईस यीलंड हे डॉक्टर विजेच्या धक्क्यांनी मुक्या सैनिकांना बोलते करीत. नऊ महिने मुका असलेल्या एका चोवीस वर्षांच्या शिपायाला खोलीत कोंडून, घशाला विजेचे धक्के देऊन, सुमारे चार तासांत बोलावयास लावल्याचे वर्णन त्यांनी स्वतःच १९१८ च्या आपल्या पुस्तकात अभिमानाने केले आहे. शिपाई बोलू लागला हे खरे. तो पुढे काय बोलला असेल, याची चौकशी त्या पुस्तकात नाही.

आणि काहींच्या वाट्याला डॉक्टरही आला नाही. हॅरी फार हा इंग्रज शिपाई १९१५ मध्ये शेलशॉकने पाच महिने रुग्णालयात होता. हात इतके थरथरत की, त्याची पत्रे परिचारिकेला लिहून द्यावी लागत. १९१६ च्या सप्टेंबरात, सोमच्या लढाईत, त्याने पुढे जाण्यास नकार दिला. लष्करी न्यायालयापुढे त्याची बाजू मांडणारा कोणी नव्हता. त्याला ओळखणारा डॉक्टर जखमी होऊन गेला होता. १६ ऑक्टोबर १९१६ रोजी पहाटे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. डोळ्यांवर पट्टी बांधून घेण्यास त्याने नकार दिला, असे सांगतात. पळपुटेपणा, भ्याडपणा आणि तत्सम आरोपांवरून ब्रिटिश लष्कराने त्या युद्धात ३०० हून अधिक सैनिकांना असे मारले.

आता आपल्याकडे वळू. १९१४ च्या सप्टेंबरात हिंदी पलटणी मार्सेय बंदरात उतरल्या, आणि तो हिवाळा त्यांनी फ्लँडर्सच्या चिखलात काढला. शेलशॉकचे निदान त्यांच्या कागदांवर अभावानेच दिसते. त्यांच्याबद्दल वरिष्ठांना पडलेला प्रश्न निराळाच होता. हाताला गोळी लागलेले शिपाई बरेच आहेत, तेव्हा ते स्वतःच तर मारून घेत नाहीत ना? ब्रायटन येथील किचनेर हिंदी रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी १९१५ मध्ये १,००० जखमांची छाननी केली, आणि या संशयाला पुरावा नाही असा निर्वाळा दिला. मनाची चौकशी मात्र कोणी केली नाही. ती आपल्याला थोडीबहुत करता येते ती पत्रांवरून. लष्करी तपासनिसांनी ही पत्रे उघडून भाषांतरित केली, म्हणूनच ती उरली. पत्र वाचले जाते हे लिहिणारांस ठाऊक होते. म्हणून ते काळी मिरी संपत आली, लाल मिरची अजून शिल्लक आहे, असे लिहीत. काळी म्हणजे हिंदी सैनिक, लाल म्हणजे गोरे. जखम भरताच पुन्हा त्याच खंदकात धाडतात, ही त्या पत्रांतील मोठी व्यथा होय.

मराठा पलटणींचे मोठे रणक्षेत्र मेसोपोटेमिया. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी जनरल टाउनशेंड यांच्याबरोबर कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. घोड्याचे मांस धर्माला मंजूर नाही म्हणून बहुतेक हिंदी शिपाई ते दीर्घकाळ नाकारीत राहिले. ताज्या भाजीपाल्यावाचून त्यांच्यात स्कर्व्ही फैलावला. शरणागतीनंतर वाळवंटातील कूच आणि तुर्की कैद. परतले ते सातारा, रत्नागिरी, बेळगाव अशा जिल्ह्यांतील आपापल्या गावी परतले.

त्या भागांत फिरताना गावच्या चावडीशी किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आढळते. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असे तीवर दोन आकडे कोरलेले असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला म्हणजे परत आलेल्यांची संख्या निघते. पाटीवर ती नाही. रात्री ओरडत उठणारा, आवाजाने दचकून बांधाआड लपणारा असा कोणी त्यांत असेल, तर गावाने त्याला देवऋषीकडे नेले असेल. बाहेरची बाधा, झपाटणे, धास्ती हे शब्द आपल्या भाषेत होतेच, आणि खरे सांगावयाचे तर ते ‘शेलशॉक’पेक्षा फारसे वाईट नव्हते. निदान त्यांत रोग्यावर भित्रेपणाचा आळ तरी नव्हता. पण उतारा टाकून निवृत्तिवेतन मिळत नाही. ब्रिटनमध्ये १९२१ साली मज्जाविकारासाठी वेतन घेणारे माजी सैनिक सुमारे ६५,००० होते. आपल्या बाजूला तसल्या आकड्याची जागा कोरीच दिसते.

लॉर्ड साउथबरो यांच्या समितीने १९२२ मध्ये अहवाल दिला आणि हा शब्द टाकून द्यावा असे सुचविले. शब्द गेला नाही. १९३० मध्ये ब्रिटनने पळपुटेपणा आणि भ्याडपणा यांसाठी असलेली देहान्त शिक्षा रद्द केली. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या निदानसूचीत आघातोत्तर ताणविकाराला स्थान दिले, आणि मायर्स यांना हवे होते तसे, गोळ्याशी न बांधलेले नाव या दुखण्याला मिळाले. मन जिंकले, मेंदू हरला, असे तेव्हा वाटले. पण इराक आणि अफगाणिस्तानातील सुरुंगांनी जुने प्रकरण पुन्हा उघडले. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ डॅनियल पर्ल आणि त्यांचे सहकारी यांनी स्फोटांत सापडलेल्या आठ दिवंगत सैनिकांचे मेंदू तपासले, आणि करड्या व पांढऱ्या द्रव्यांच्या सीमेवर, रक्तवाहिन्यांभोवती, विशिष्ट प्रकारचे व्रण असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. जिवंतपणी नेहमीच्या छायाचित्रणात हे व्रण दिसत नाहीत. मॉट अगदीच चुकले नव्हते तर! मायर्सही चुकले नव्हते. एकाच माणसाला दोन्ही इजा होऊ शकतात, एवढे साधे उत्तर शोधावयास शतक गेले. आणि त्या दोन अक्षरांपैकी एकच लिहा असा आग्रह धरणाऱ्या कारकुनी टेबलावर या काळात किती जणांचे हक्क बुडाले, त्याला गणती नाही.

हॅरी फारच्या पत्नीचे निवृत्तिवेतन तो मारला गेल्यावर बंद झाले होते. त्याच्या मुलीने आणि नातवंडांनी हा लढा नव्वद वर्षांनंतर न्यायालयापर्यंत नेला. २००६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने सैन्यदलविषयक कायद्यात एक कलम घालून अशा सर्व सैनिकांना क्षमा दिली. त्या कलमात हिंदी लष्कराच्या १९११ च्या कायद्याखाली मारलेल्यांचाही समावेश आहे. मात्र या क्षमेने मूळ दोषसिद्धी किंवा शिक्षा यांना बाध येत नाही, आणि कोणाला कसलाही हक्क प्राप्त होत नाही, हेही त्याच कलमात स्पष्ट लिहिलेले आहे.